एका श्वासात तीन शब्द

ज्याला दम लागतो त्याने हे बसून वाचावे, आणि सावकाश. मी लिहिलेही तसेच आहे: सकाळी ऊन चढण्याआधी एक पान, मग विश्रांती. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. कल्याणात गवताचा व्यापार करून मी वर आलो. माझे वडील डोक्यावर भारे वाहून आणत आणि संध्याकाळपर्यंत खपले नाहीत तर तेच भारे परत घरी नेत. मी वखार घातली, गवत दाबून गठ्ठे बांधायचा दाब आणला, आणि मुंबईच्या ट्रामच्या घोड्यांपर्यंत माझे गवत आगगाडीने जाऊ लागले. हे बढाईसाठी सांगत नाही. थोडे बढाईसाठीही सांगतो. काय हातचे जाऊ पाहत होते ते कळायला आधी काय होते ते कळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकतो. या लिखाणात मी माझ्या धाकट्या भावावर, सदूवर, रागावलेला दिसेन. तो राग खरा आहे. आजारातून उठलेला माणूस सगळ्यांना क्षमा करून मोकळा होतो असे कीर्तनात ऐकतो. माझे तसे झाले नाही.

नाकाचा धंदा

गवताचा भाव नाकाने ठरतो. गाडी वखारीत आली की वरच्या पेंढ्या सोन्यासारख्या पिवळ्या असतात. तशा असतात म्हणूनच त्या वर ठेवलेल्या असतात. म्हणून मी खांद्यापर्यंत हात गाडीच्या पोटात घालायचो, मूठभर गवत ओढून काढायचो आणि डोळे मिटून त्यात नाक खुपसायचो. नीट वाळलेल्या गवताला गोडसर वास येतो. ओले रचलेले गवत आतून तापते, त्याला भिजलेल्या घोंगडीचा वास येतो आणि मूठ झटकली की पांढरी भुकटी उडते. तिला आम्ही बुरा म्हणतो. बाकीचे व्यापारी एकदा वास घेत. मी तीनदा घ्यायचो, आणि गवत कापल्यावर कितव्या दिवशी पाऊस पडला ते गाडीवानाच्या तोंडावर सांगायचो.

"शेठ, हे नाक हाय का पंचांग?" विठ्ठलवाडीकडचा एक म्हातारा शेतकरी एकदा म्हणाला होता. अशी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.

दुसरी विद्या डोळ्यांची. भाव करताना मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, छातीकडे बघायचो. काही लपवणारा माणूस वरच्यावर श्वास घेतो. उठून जायची धमकी देणारा श्वास रोखून धरतो. आणि ज्याने मनात होकार दिला त्याचे खांदे खाली येतात आणि लांब श्वास बाहेर पडतो, मग तोंडाने तो अजून नाही म्हणत का असेना. त्या श्वासाची मी वाट बघायचो. त्यानंतर काही वाढवून देत नसे. सदूला मी हे सगळे शिकवले. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला वाढवला मी आणि धंद्याला लावला मी.

कोयनेल

एका वर्षी गवत कापून पडले होते आणि दसऱ्यानंतर पाऊस आला. त्या हंगामात सगळ्याच गाड्या कुबट. दुसऱ्यांनी त्या परत लावल्या. मी वास घेऊन घेऊन त्यांतल्या बऱ्या निवडल्या आणि स्वस्तात घेतल्या. मला वाटले, हे वर्ष माझे.

संध्याकाळी थंडी वाजून ताप येऊ लागला. सकाळी वखारीत ओरडत उभा असलेला मी दिवेलागणीला पांघरूण घेऊन बसलेला असायचो. कोरडा खोकला, आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटे. सकाळी पुन्हा उतार. कल्याणात तेव्हा घरोघरी हिवताप होता; मलाही तोच, असे ठरले. कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, पुड्या खाल्ल्या. कान वाजू लागले, ताप होता तसाच राहिला.

पुढे ताप कमी झाला आणि दम तेवढा उरला. तो कसा आला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाचा तसाच येत असेल. आधी जिना गेला. मग वाकून जोड्यात पाय घालणे गेले. मग जेवण. घास चावताना तोंड मिटावे लागते, आणि तेवढी सवड माझ्यापाशी नव्हती. दोन घास खाल्ले की मी मुरबाडहून पळत आल्यासारखा थांबायचो. संध्याकाळी मानेच्या दोन्ही बाजू ठणकत, जुवाखालच्या बैलाचा खांदा ठणकावा तशा. तेव्हा मला कळले की श्वास हे अंगमेहनतीचे काम आहे. पंचेचाळीस वर्षे एक मुका गडी ते माझ्यासाठी करत होता आणि मी त्याच्याकडे कधी बघितले नव्हते. आता तो पळाला होता. एकेक श्वास मलाच ओढून आणावा लागत होता, आणि तेवढ्यातच दिवस संपत होता.

आणि राग. माझ्या रागाबद्दल कल्याणात कुणालाही विचारा. पण एक चांगली शिवी द्यायला किती वारा लागतो हे निरोगी माणसाला ठाऊक नसते. मी अर्ध्या शिवीवर अडकू लागलो. अर्धी शिवी लागत नाही. लोक हसतात.

सदू मध्ये बोलला

पौषात मुंबईचा दलाल आला. वर्षभराचे गवत कुणाचे जायचे ते तोच ठरवायचा. मी गादीवर बसलो, शेजारी सदू. मला तेव्हा एका श्वासात तीन शब्द बोलता येत. चौथ्याला थांबावे लागे.

"हे गवत मुरबाडचं," मी म्हणालो. थांबलो. "डोंगरउतारावरचं आहे." थांबलो. "यंदा असं गवत..."

आणि इथे माझा श्वास जरा लांबला. दलाल पागोटे सारखे करू लागला. पुढे मी म्हणणार होतो, "कुठेच नाही, भाव वाढवा." ते माझ्या घशात तयार होते.

"यंदाही मागच्याच भावाने द्यायचं आहे," सदू म्हणाला.

दलाल लगेच म्हणाला, "ठरलं."

मी सदूकडे बघितले. बोलायला वारा नव्हता. तो दलालाला हळू आवाजात म्हणाला, "दादाची छाती बरी नाही. यापुढे माझ्याशी बोला."

दलाल भला माणूस होता, आणि ते जास्त झोंबले. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही घरी पडा हो. छातीचं दुखणं वाईट."

छातीचे दुखणे म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावे लागत नाही. दुपारपर्यंत बाजारात झाले: रामशेठला क्षय. दुसऱ्या दिवशी माझ्या पानाच्या डब्याकडे कुणी हात नेला नाही. शेजाऱ्यांनी आपली मुले आमच्या ओट्यावरून उचलून नेली. माझ्या घरात एकच माणूस असे निघाले ज्याने काही बदलले नाही. माझे कुटुंब माझ्या मागून माझ्याच ताटात जेवत असे. शेजारणीने तिला दारात उभे राहून सांगितले, "वेगळं पान घे गं बाई, लेकरं आहेत तुला." त्या दिवशी तिने ते ताट उचलून ओटीवर आणले आणि सगळ्यांच्या देखत त्यात जेवली. मी आतून बघत होतो. तिला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तीन शब्दांत काय बोललो असतो?

पण वखार हातची चालली होती, आणि ती कोण नेतो आहे ते मला रोज दिसत होते. बोलता येईना त्याला गादीवर कोण बसवतो?

अमावस्येचा नारळ

अमावस्येला गाडीवान बैल जुंपत नाहीत, वखारीतले मजूर सुट्टी घेतात, गवताची काडी हलत नाही. वैद्यांनी सांगितले होते, "श्वासाचा रोग अमावस्या-पुनवेला चढतो, जपा." म्हणून त्या दिवशी मला घरात ठेवत, आणि एक भगत येऊन माझ्यावरून नारळ उतरवून जाई.

आणि मला उतार पडे! संध्याकाळी ताप नाही, छाती हलकी, एक अख्खी भाकरी पोटात. भगत मिशीवर हात फिरवी. पुढच्या अमावस्येला दोन नारळ झाले, त्याच्या पुढच्या अमावस्येला कोंबडे. हाताने आणि नाकाने तपासल्याशिवाय जो कधी पेंढी घेत नसे, त्याने हा सौदा नमुना न बघता तीन महिने केला. घरात सगळ्यांनीच केला. गुण नारळाचा, असे आम्ही धरून चाललो.

ठाण्याची नळी

शेवटी आम्ही ठाण्याला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आपल्यातलाच, मुंबईला शिकलेला, वयाने सदूएवढा. हे मला आवडले नाही.

"शेठजी, दम कधीपासून?"

"दसऱ्यानंतर पाऊस..."

"सावकाश. मला घाई नाही."

एवढे बोलून तो खरोखरच थांबला. मग खिशातले घड्याळ काढले, माझ्या छातीवर पालथा हात ठेवला आणि मोजू लागला.

"मिनिटाला छत्तीस," तो म्हणाला. "मी सोळा घेतो."

"म्हणजे तुमच्या दुप्पट," मी म्हणालो.

"नग दुप्पट, शेठजी. पण एकेक नग मापात अर्धासुद्धा भरत नाही."

ही भाषा मला समजली. त्याने लाकडी नळी माझ्या पाठीला लावून कान टेकवला. बराच वेळ ऐकले. मग म्हणाला, "कानाजवळचे केस दोन बोटांत धरून चोळा." मी चोळले. बारीक चरचर झाली.

"हाच आवाज आत आहे. दोन्हीकडे, तळाशी."

"क्षय?"

दाराबाहेर माझे कुटुंब बसले होते. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"मला तसं वाटत नाही. क्षयाची चाल मी पुष्कळ पाहिली आहे, ही ती नाही. पण ही कशाची आहे ते मला माहीत नाही."

"माहीत नाही? मग..."

"मग इथे राहा. रोज मोजू. मलाही शिकू द्या."

तीस वर्षांत 'माहीत नाही' म्हणणारा व्यापारी मला भेटला नव्हता, वैद्य तर नाहीच. मला आधी संताप आला. नंतर मी राहायचे ठरवले. ज्याला ठाऊक नाही आणि जो तसे सांगतो, त्याचे वजन-माप बहुधा खरे असते.

भिवा

माझ्या शेजारच्या खाटेवर भिवा होता. खाडीकाठच्या मिठागरात जन्म गेलेला, चिलमीचा शौकीन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तो खाटेच्या कडेला बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत. ओठांचा चंबू करून श्वास असा सोडायचा की जणू निखाऱ्यावर हळू फुंकर घालतो आहे आणि राख उडवायची नाही.

पहिल्या सकाळी त्याने मला बराच वेळ न्याहाळले.

"शेठ, कुत्र्यावानी धापतोस नुसता. दमाला घाई नको करू."

"मग काय करू?"

"सोड. घेनं सोपं हाय, सोडनं कठीन. माझ्या छातीत जुना वारा भरून ऱ्हायलाय. त्यो निघाल तवा नवा शिरंल ना?"

मी त्याच्यासारखे करून बघितले. जमेना. माझा वारा आत अडकतच नव्हता, आत जातच नव्हता. माझी छाती नव्या कोऱ्या चामड्याच्या पखालीसारखी ताठ झाली होती. थोडी फुगायची आणि बस म्हणायची. म्हणून मी थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा घेत होतो. भिवाची पखाल जुनी, सैल, भरलेली, रिकामी न होणारी. म्हणून तो क्वचित घेई आणि सोडायला जन्म लावी. त्याने माझ्यासारखी घाई केली तर तो गुदमरायचा. मी त्याच्यासारखा सावकाश राहिलो तर मी. पलीकडच्या खाटेवर बरगड्यांच्या आत पाणी साचलेला एक तरुण होता. तो दुखरी बाजू हाताने दाबून, तिला जागे न करता श्वास घेई. बाहेरच्या माणसाला वाटते, तिघांनाही दमच लागला आहे. ज्याने-त्याने आपापल्या छातीला परवडणारी चाल धरलेली असते. म्हणून सांगतो, दुसऱ्याचा श्वास उसना घेऊ नका. आपली चाल कुठली ते आधी ओळखा.

दवाखान्यातला दिवस लहान असतो. सकाळी कंपाउंडर मोजून जाई, मग पेज, मग औषध, मग खिडकी. कुटुंब धर्मशाळेत राहून माझे जेवण आणत असे. भिवा मला हसवायचा आणि मग दोघांनाही भोगावे लागे. एकदा मी त्याला विचारले, "बाबा, तुझा धंदा आता कोण बघतो?"

"माझा धंदा?" त्याने आधी एक श्वास पुरता सोडला. "ह्योच की. दम घेनं. सुट्टी नाय, मजुरी नाय, न् मुकादम लय खडूस."

माझे छत्तीसचे तीस झाले, तिसाचे चोवीस. दोन आठवड्यांनी मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि एका दमात कंपाउंडरशी भांडलो. डॉक्टरने ते दुरून ऐकले आणि मला घरी सोडले.

परत वखारीत

कल्याणला उतरलो तो घरी न जाता वखारीत. सदू एका गाडीपाशी उभा होता, हातात मूठभर गवत, नाक त्यात. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "दादा! बघ, कसलं निवडलंय."

"बघू," मी म्हणालो. खांद्यापर्यंत हात घातला. एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कुबट होते. "गाढवा, तापलेलं गवत आहे हे! हंगाम बुडवशील!" किती दिवसांनी एक अख्खी शिवी तोंडातून गेली. वखारीतले मजूर हसले आणि मला वाटले, मी परत आलो.

दिवेलागणीला थंडी वाजली. रात्र पडायच्या आत मी भिंतीला टेकून बसलो होतो, तोंड उघडे, श्वास मोजण्यापलीकडे. सदू दारात येऊन उभा राहिला आणि कुणाला तरी म्हणाला, "भांडला ना माझ्याशी, त्याने झालं."

मलाही तेच वाटत होते. सदूनेच हे मला केले, असे मी मनात पक्के बांधले.

तिने तोंड उघडले

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाणे. भिवाच्या खाटेवर दुसरा माणूस होता. कंपाउंडरला विचारले. त्याने नाही अशी मान हलवली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. मी भिंतीकडे तोंड केले.

डॉक्टर आला तेव्हा माझे कुटुंब भिंतीकडे वळून, पदर पुढे ओढून बसले होते. परक्या पुरुषाशी ती जन्मात बोलली नव्हती. ती मला हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, अमावस्येला तुम्हाला बरं असतं."

मी डॉक्टरला म्हणालो, "अमावस्येला मला बरं..." आणि थांबलो.

"सांगा, सगळ्यांचा दमा अमावस्येला चढतो, तुमचा उतरतो."

"सगळ्यांचा दमा चढतो... माझा..."

"सांगा की..." आणि तिचा धीर सुटला. भिंतीकडेच तोंड ठेवून ती सरळ डॉक्टरशी बोलली. "अमावस्येला हे वखारीत जात नाहीत हो! इथे दोन आठवडे राहिले, वखार नाही, तर बरे झाले. काल स्टेशनवरून थेट तिकडे गेले, गवतात तोंड घातलं, आणि सांजेला हे असं. नारळ नाही आणि भाऊजी नाहीत. ते गवत आहे!"

माझ्या वाक्यात मध्ये घुसणारी ती दुसरी. मला तिचा राग आला नाही. बहुधा बोलली ते खरे असल्यामुळे.

डॉक्टर खाटेवरच बसला. "वास घेता? कसा घेता ते दाखवा."

मी मूठ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे नाही, माझ्या मुठीकडे बघत होता.

घासाघीस

"गवत सोडा," तो म्हणाला.

"आठवड्यातून दोन दिवस."

"नाही."

"नाकाला फडकं बांधून."

"नाही."

"दारात बसेन नुसता."

"शेठजी, कुबट गवताचा हा बुरा तुमच्या छातीत जातो, आणि कपड्यांवरून घरातही येतो. दारात बसणार कुठल्या वाऱ्यावर?"

"परत कधी जाऊ?"

तो उठला. "तुमच्याशी घासाघीस करणारा मी कोण? तुमच्या छातीशी करा. तिने भाव सांगितला आहे. आता सोडलंत तर जेवढं उरलंय तेवढं बहुतेक राहील. नाही सोडलंत तर छाती आणखी ताठ होत जाईल. मागे होती तशी मऊ होईल असं मी सांगत नाही."

मी त्याच्या छातीकडे बघितले. श्वास शांत चालला होता. काही लपवलेले नव्हते, आणि कमी होण्यासारखे काही नव्हते. समोरच्याने सांगितलेला भाव मी आयुष्यात पहिल्यांदा मान्य केला.

सदूशी सौदा

आम्ही शहाडला नदीजवळ दोन खोल्या घेतल्या. तिथे गवताचा वारा येत नाही. महिन्याभराने मी सदूला बोलावले. माझ्या कुटुंबाचा हुकूम होता की वखारीतून येणाऱ्याने आधी विहिरीवर अंघोळ करायची आणि आमच्याकडचे धोतर नेसायचे. म्हणून वखारीचा नवा मालक माझ्यासमोर बसला तो ओल्या केसांनी, माझ्याच जुन्या धोतरात.

मी चार गोष्टी मागितल्या. वखारीवर नाव माझेच राहील. मुंबईचा दलाल आला की बोलणी शहाडला, माझ्यासमोर होतील. रामशेठला क्षय नव्हता, हे सदू भर बाजारात तोंडाने सांगेल. आणि यापुढे गवत नाकाने घ्यायचे नाही, त्याने नाही आणि मजुरांनी नाही.

"नाव दोघांचं," सदू म्हणाला. "दलाल इथे येणार नाही, त्याला वेळ नसतो. आणि क्षय मी म्हणालोच नव्हतो, लोक म्हणाले."

"छाती बरी नाही म्हणालास! आणि माझ्या वाक्यात..." मी थांबलो.

"ठीक, मग ठरलं ना..."

"मी श्वास घेतोय, गाढवा! होकार देत नाही!"

सदू जरा मागे सरकला. मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीही तसंच झालं, दादा. तू लांब श्वास सोडलास, खांदे खाली आले. मला वाटलं, तू मनात कबूल झालास आणि तुला फक्त बोलवत नाही. तूच शिकवलंस ना बघायला?"

माझीच विद्या, माझ्यावरच चालवलेली, आणि चुकीची वाचलेली. पण तरी त्याने विचारायला हवे होते. एकदा कानाशी येऊन विचारायला काय जात होते? हे मी त्याला बोललो आणि अजूनही बोलेन.

"आणि नाकाचं काय ते सोड," तो जोरात म्हणाला. "नाकाशिवाय गवत कोण घेतो? बाजार हसेल. हाताने चुरगळून बघतात ते आंधळे. तुझं नाक गेलं म्हणून माझंही..." आणि तो खोकला. कोरडा, बारीक. पदराआडून ऐकणाऱ्या माझ्या कुटुंबाने मान वर केली.

मी त्याच्या तोंडाकडे बघायचे सोडले आणि छातीकडे बघू लागलो. स्टेशनापासून आमचे घर म्हणजे काहीच नाही, आणि तो येऊन, अंघोळ करून, बसून बराच वेळ झाला होता. तरी श्वास वरच्यावर चालला होता. लहान लहान, पुष्कळ. मानेची दोरी प्रत्येक श्वासाला किंचित उचलली जात होती. त्याला अजून काही कळलेले नव्हते. मला माझे कळले नव्हते तसेच.

"संध्याकाळी थंडी वाजते का रे?" मी विचारले.

"हिवताप आहे. कोयनेल घेतो."

मी उशीला टेकलो. माझ्या चारही मागण्या पुन्हा एकदा मनाशी धरल्या. मग म्हणालो, "नाव तुझं एकट्याचं लाव."

त्याला कळेना. "काय?"

"दलालाशी तूच बोल." श्वास. "बाजारात काही सांगू नकोस." श्वास. "बदल्यात चौथी तेवढी." श्वास. "नाक गवताला लावायचं नाही. कुणीही." श्वास. "हाताला गरम लागली तर गाडी परत." श्वास. "आणि उद्या ठाण्याला जाऊन पाठीला नळी लावून घ्यायची."

सदू हिशेबी आहे, माझ्याच हाताखालचा. तीन देऊन एक मागणाऱ्यात काही कपट असणार, असा त्याला संशय आला. त्याने माझ्या छातीकडे बघितले, बराच वेळ. तिथे त्याला काय दिसले मला माहीत नाही. त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला.

तो जिंकल्याच्या चालीने विहिरीकडे कपडे बदलायला गेला. दुसऱ्या दिवशी माझे कुटुंब त्याला घेऊन ठाण्याला गेले. तिने डॉक्टरला सगळे सांगितले, आणि या वेळी भिंतीकडे वळली नाही. डॉक्टरने नळी लावली. चरचर होती, पण थोडी. त्याचे दुखणे नवे आहे, गवतात नाक घातले नाही तर सुटेल, असा निरोप ती घेऊन आली.

आता वखारीवर सदूचे नाव आहे. मी सकाळी नदीपर्यंत चालतो, मध्ये दोनदा थांबून. एका श्वासात सात शब्द येतात, चांगल्या दिवशी नऊ. रागाबद्दल कुणी विचारले तर सांगतो, तो मी त्या सौद्यात घातला नव्हता. तो माझ्याकडेच आहे.